शेवटचा नळ : प्रवाहाच्या गणितात निर्गममुखावरील दाबाचे स्थान

आपल्या शाळेच्या वसतिगृहात राहून गेलेल्या प्रत्येकाला न्हाणीघरातील ओळीचा शेवटचा नळ आठवत असेल. पहाटे गच्चीवरची टाकी काठोकाठ भरलेली असे. पहिल्या नळाखाली बादली पाहता पाहता भरे. शेवटच्या नळाखाली मात्र ताटकळत उभे राहावे लागे. सगळे नळ एकदम उघडले की त्या नळाची धार आधी करंगळीएवढी होई आणि मग तिचे थेंब होत. खालच्या वर्गातील मुलांच्या वाट्याला बहुधा तोच नळ येई, कारण पुढचे नळ मोठ्यांनी आधीच अडवलेले असत.

एका रविवारी आमचे विज्ञानाचे सर गवंड्याकडून समपातळी पाहण्याची पारदर्शक नळी घेऊन आले. तिचे एक टोक त्यांनी शेवटच्या नळाला घट्ट बसविले आणि दुसरे टोक भिंतीला टेकवून वर धरले. नळ उघडताच नळीतील पाणी वर चढले आणि टाकीतील पाण्याच्या पातळीला येऊन थांबले. सरांनी तेथे खडूने रेघ ओढली. मग एकेक करून बाकीचे नळ उघडावयास सांगितले. प्रत्येक नळासरशी नळीतील पाणी खाली उतरत गेले. शेवटी ते आमच्या गुडघ्याच्या उंचीवर आले. "ही जी पाण्याची उंची दिसते, तोच दाब," सर म्हणाले, "आता ही नळी काढून घेतली आणि तोटी उघडी ठेवली, तर तोटीच्या तोंडाशी दाब किती?" आम्ही नाना उत्तरे दिली. पहिल्या नळाशी जास्त, शेवटच्या नळाशी कमी, हे तर सगळ्यांनीच सांगितले. सरांनी मान हलविली. "दोन्हीकडे सारखाच. बाहेरच्या हवेइतका."

त्या उत्तराचा पूर्ण अर्थ कळावयास मला पुढची पंधरा वर्षे लागली. पाणीपुरवठ्याच्या आणि प्रवाहाच्या संगणकीय गणितांवर काम करताना मी जी सर्वांत मोठी चूक केली, ती याच एका प्रश्नाशी निगडित होती. स्मरणिकेच्या निमित्ताने तो धडा माजी विद्यार्थ्यांपुढे, पालकांपुढे आणि विशेषतः अभियांत्रिकीकडे वळू पाहणाऱ्या आजच्या विद्यार्थ्यांपुढे मांडावा, असे वाटले.

जगातून कापून घेतलेला तुकडा

पाणी, हवा, रक्त, तेल, जे जे वाहते त्याच्या गतीचे नियम मोजकेच आहेत. वस्तुमान कोठेही निर्माण होत नाही आणि नाहीसेही होत नाही, हा पहिला. प्रवाहाच्या वेगात होणारा बदल हा त्यावर लागणाऱ्या बलांचा परिणाम असतो, हा दुसरा. फ्रान्सचे नाविए यांनी १८२२ मध्ये आणि पुढे १८४५ मध्ये स्टोक्स यांनी या नियमांना जे समीकरणांचे रूप दिले, तेच आजही संगणकावर सोडविले जाते. विमानाच्या पंखावरून जाणारी हवा असो की नळातील पाणी, समीकरणे तीच असतात. मग प्रत्येक प्रश्नाचे उत्तर वेगळे का येते? कारण प्रत्येक प्रश्नाची सीमा वेगळी असते.

संगणकात संपूर्ण जग मावत नाही. म्हणून आपण जगातून एक तुकडा कापून घेतो: नळाचा एक भाग, कालव्याचा एक टप्पा, रोहिणीची एक शाखा. जेथे कापले तेथे आत येण्याचे तोंड आणि बाहेर जाण्याचे तोंड उघडे पडते. कापाच्या पलीकडे जे जग राहिले त्याची कसलीही माहिती संगणकाला नसते. ती आपणच त्याला द्यावयाची असते. या माहितीला सीमाअट म्हणतात. बाहेर जाण्याच्या तोंडाला, म्हणजे निर्गममुखाला, सर्वसाधारणपणे दाबाची अट दिली जाते. "येथे दाब इतका आहे" असे आपण सांगतो आणि आतील सर्व बिंदूंवरील वेग आणि दाब संगणक शोधून काढतो.

येथे पहिली गोष्ट ध्यानात धरावी. सीमाअट हे उत्तर नव्हे. ती आपली साक्ष आहे. संगणक साक्षीची उलटतपासणी करीत नाही. खोटी साक्ष दिली तरी तो तिच्याशी जुळणारे उत्तर निमूटपणे काढून देतो.

दाब नव्हे, दाबातील फरक

नवा विद्यार्थी पहिल्याच दिवशी विचारतो: निर्गममुखावर दाब शून्य कसा लिहावयाचा? तेथे हवा तर आहे! शंका रास्त आहे. समुद्रसपाटीवर हवेचा दाब १,०१,३२५ पास्कल धरतात. आपले छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंच. येथे तो सुमारे ९४,७०० पास्कल भरतो. पाण्याच्या स्तंभात सांगावयाचे तर समुद्रसपाटीवर सुमारे १०.३ मीटर आणि आपल्याकडे सुमारे ९.६५ मीटर.

तरीही शून्य लिहिणे चुकीचे ठरत नाही. पाण्यासारख्या जवळजवळ न दबणाऱ्या द्रवाच्या समीकरणात दाब स्वतः येत नाही, तर एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी तो किती बदलतो एवढेच येते. दोन्ही तोंडांवरील दाबांत एकच आकडा मिळविला किंवा वजा केला तरी पाणी तसेच वाहते. म्हणून हवेच्या दाबाला शून्य मानून त्याच्या वर किती आणि खाली किती, हे मोजण्याची रीत पडली. वाहनाच्या चाकातील हवा मोजणारे गेज हेच करते, म्हणून याला गेज दाब म्हणतात.

मात्र या सवलतीला मर्यादा आहेत. हवा किंवा वाफ वेगाने वाहत असेल आणि तिची घनता बदलत असेल, तर निरपेक्ष दाबच द्यावा लागतो. पाण्यातील दाब इतका उतरला की ते थंड असूनही उकळू लागेल, अशी शंका असेल तेथेही निरपेक्ष दाब विसरून चालत नाही. आणखी एक व्यावहारिक सूचना. ओपनफोमसारख्या मुक्त संगणक-प्रणालीत, न दबणाऱ्या द्रवांच्या गणितासाठी, दाबाला घनतेने भागून लिहिण्याची पद्धत आहे. पाण्याची घनता दर घनमीटरला १,००० किलोग्रॅम. म्हणजे पास्कलमधील आकडा तसाच भरला तर उत्तरात हजारपट घोटाळा होतो. एकक न पाहता आकडा लिहू नये, ही शाळेत वारंवार बजावलेली गोष्ट येथेही लागू पडते.

एकाच तोंडाशी दोन्ही गोष्टी सांगता येत नाहीत

आता मुख्य नियमाकडे वळू. एका तोंडावर एकतर दाब सांगावा, नाहीतर प्रवाह सांगावा. दोन्ही सांगितले तर निसर्गाला बोलावयास जागाच उरत नाही. दाब सांगितला असेल तर वेग हे उत्तर; वेग सांगितला असेल तर दाब हे उत्तर.

प्रवेशमुखावर वेग आणि निर्गममुखावर दाब, ही सर्वांत स्थिर जोडी. किती पाणी आत येते ते ठाऊक आहे आणि ते कोठे मोकळे होते तेही ठाऊक आहे. तेवढे पाणी ढकलावयास आत किती दाब लागेल, हे गणित सांगते. दोन्ही तोंडांवर दाब सांगितला तर किती पाणी वाहील, हे गणित सांगते. टाकी आणि नळ यांचा प्रश्न या दुसऱ्या प्रकारचा आहे. दोन्ही तोंडांवर प्रवाहच सांगितला तर दोन संकटे उभी राहतात. आत आलेले आणि बाहेर गेलेले पाणी यांत तसूभरही फरक पडला तर गणित फसते. आणि हिशेब तंतोतंत जुळला तरी दाब कोठून मोजावयाचा याला आधार राहत नाही. म्हणून तेथे कोणत्या तरी एका बिंदूवर दाबाचा आकडा ठरवून द्यावा लागतो.

पाणचक्कीजवळचा पाठ

निर्गममुखावरील दाबाचा सर्वांत देखणा पाठ आपल्या शहरात खाम नदीच्या काठी उभा आहे. शाळेच्या सहलीत पाणचक्की आपण सर्वांनी पाहिली. मलिक अंबर याने १६१० मध्ये खडकी वसविली आणि तिच्यासाठी नहर बांधली; शहराला जमिनीखालून पाणी देण्याची जी परंपरा तेव्हा सुरू झाली, तिच्यातच बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळील पाणचक्कीची नहर मोडते. हर्सूलच्या बाजूने काही किलोमीटर अंतरावरून बंद नळाने आलेले पाणी येथे भिंतीत वर चढते आणि उंचावरून हौदात कोसळते. या पाण्याच्या बळावर यात्रेकरूंसाठी धान्य दळणारे जाते फिरत असे.

पंप नाही, वीज नाही, तरी पाणी वर कसे चढते? उगमाकडील पाण्याची पातळी या तोंडापेक्षा उंच आहे म्हणून. मधल्या वाटेत नळ कितीही खाली उतरला तरी चालते. उगमाशी पाण्याचा पृष्ठभाग हवेला भिडलेला आणि भिंतीवरच्या तोंडाशीही पाणी हवेला भिडलेले. दोन्हीकडे गेज दाब शून्य. उरतो तो फक्त उंचीतील फरक. तो नळाच्या घर्षणात किती खर्च होतो, यावर किती पाणी पडेल हे ठरते.

नहरीच्या वाटेवर ठिकठिकाणी मनोरे बांधलेले होते. त्यांतून नळात अडकलेली हवा निसटे आणि साचलेला दाब मोकळा होई. आजच्या भाषेत सांगावयाचे तर बांधणाऱ्यांनी लांबलचक नळाच्या मधोमध पाण्याला हवेची भेट घडवून आणली आणि प्रत्येक ठिकाणी दाबाची मोजदाद नव्याने सुरू केली. समीकरणे पुढे दोनशे वर्षांनी लिहिली गेली. तोंडाशी दाब किती असतो हे मात्र त्या कारागिरांना पक्के ठाऊक होते.

तोंड कोठे कापावे

पाणचक्कीवर निसर्गानेच तोंड दाखवून दिले आहे. संगणकात ते आपल्याला निवडावे लागते, आणि तेथे तीन चुका वारंवार होतात.

पहिली चूक, वळणाच्या किंवा व्हॉल्व्हच्या लगेच पुढे काप घेणे. वळणानंतर पाणी एका बाजूला लोटलेले असते आणि दुसऱ्या बाजूला भोवरे फिरत असतात. तेथे "संपूर्ण तोंडावर दाब एकसारखा" असे सांगणे असत्य आहे. भोवरा कापला गेला की निर्गममुखातूनच पाणी उलटे आत येऊ लागते. आत येणाऱ्या त्या पाण्याचे गुणधर्म कोणते, हे संगणकाला ठाऊक नसते आणि गणित डळमळते. म्हणून नळाच्या व्यासाच्या निदान दहापट अंतर सरळ जाऊ द्यावे आणि मग कापावे, असा स्थूल संकेत आहे. अंतर वाढवून गणित पुन्हा करावे. आतील उत्तर बदलले नाही तरच काप योग्य जागी पडला असे समजावे.

दुसरी चूक, पाण्याचे वजन विसरणे. दोन मीटर खोल कालवा कापला तर पृष्ठभागावर गेज दाब शून्य, पण तळाशी सुमारे १९,६०० पास्कल असतो. सगळ्या तोंडावर शून्य लिहिले तर तळाचे पाणी नसलेल्या खड्ड्यात कोसळावे तसे वेगाने बाहेर पडते. पडद्यावरील चित्र मोठे आकर्षक दिसते आणि ते पूर्णतः चुकीचे असते.

तिसरी चूक सर्वांत घातक, कारण ती दिसत नाही. प्रवाहाला अनेक फाटे असतील तर प्रत्येक फाट्याच्या तोंडावर शून्य लिहून मोकळे होणे. रोहिणीच्या गणितात असे केले तर प्रत्येक शाखेपुढे सूक्ष्म केशवाहिन्यांचे जे जाळे आहे, त्याचा विरोध आपण पुसून टाकतो आणि कोणत्या अवयवाला किती रक्त जाते याचे उत्तर बिघडते. जर्मनीचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ ओटो फ्रांक यांनी १८९९ मध्ये रोहिण्यांच्या लवचीकपणाचे आणि पलीकडील विरोधाचे जे साधे गणिती रूप मांडले, ते आजही रक्ताभिसरणाच्या प्रतिरूपात निर्गममुखाला जोडतात. कापाच्या पलीकडे जे आहे, त्याचा भार कापावर आलाच पाहिजे.

पहाटेची तोटी

आता माझी चूक सांगतो. नोकरीच्या आरंभीच्या काळात एका वस्तीच्या पाणीपुरवठ्याचे गणित माझ्याकडे आले. वस्ती जलवाहिनीच्या अगदी शेवटच्या टोकाला होती. मी टाकीची उंची भरली, नळांची लांबी आणि व्यास भरले, आणि प्रत्येक टोकावर लोकसंख्येवरून काढलेली पाण्याची गरज लिहिली. संगणकाने क्षणात उत्तर दिले. प्रत्येक टोकाला नेमके हवे तेवढे पाणी पोहोचत होते. मी अहवाल लिहिला: पुरवठा पुरेसा आहे, तक्रारींत तथ्य दिसत नाही.

तक्रारी थांबल्या नाहीत, म्हणून मला प्रत्यक्ष पाहण्यास पाठविले गेले. पाणी येण्याची वेळ पहाटे चारची होती. ओट्यावर हंड्यांची रांग लागलेली. माझ्या आईच्या वयाच्या एका मावशींनी मला तोटीजवळ नेले. "बाळा, हिथं हात लावून बघ," त्या म्हणाल्या. मी तोटीच्या तोंडावर तळहात ठेवला. पाणी तर नव्हतेच. तोटी माझा तळहात आत ओढत होती. वरच्या अंगाच्या घरांत मोटारी सुरू होत्या आणि शेवटच्या तोटीतून हवा आत शोषली जात होती. मावशींनी काहीही अधिक सांगितले नाही. रिकामा हंडा उचलून त्या रांगेत पुन्हा उभ्या राहिल्या.

कार्यालयात परतून मी जुने गणित उघडले. प्रवाहाच्या रकान्याशेजारी दाबाचा रकाना होता आणि त्यात शेवटच्या टोकापुढे उणे आकडा स्वच्छ छापलेला होता. तळहाताने जे सांगितले तेच संगणकानेही सांगितले होते. मी तो रकाना वाचलाच नव्हता.

एका नळाची चार उत्तरे

काय घडले होते, ते छोट्या उदाहरणाने पाहू. आकडे समजण्यासाठी सोपे घेतले आहेत. टाकीतील पाणी शेवटच्या तोटीपेक्षा १२ मीटर उंच आहे. मधला नळ २,००० मीटर लांब, व्यास १०० मिलिमीटर, घर्षणांक ०.०२. वस्तीची गरज दर सेकंदाला ८ लिटर. घर्षणाचा व्यय डार्सी-वाइसबाख सूत्राने काढू.

पहिले उत्तर. टोकावर प्रवाह लिहिला: ८ लिटर. मग नळातील वेग सेकंदाला सुमारे १.०२ मीटर येतो आणि घर्षणात सुमारे २१.२ मीटर खर्ची पडतात. हाताशी होते बारा. म्हणून टोकाशी दाब निघतो उणे ९.२ मीटर. आपल्या शहरात हवेचा संपूर्ण दाबच सुमारे ९.६५ मीटर आहे, हे आठवावे. म्हणजे हे पाणी वाहण्यासाठी तोटीच्या बाहेर जवळजवळ निर्वात पोकळी हवी. उत्तर गणिताने बरोबर आहे आणि जगात अशक्य आहे.

दुसरे उत्तर. टोकावर दाब लिहिला: शून्य, म्हणजे नळाचे तोंड पूर्ण मोकळे. बाराचे बारा मीटर घर्षणात खर्च होऊ दिले तर वेग सुमारे ०.७७ मीटर आणि प्रवाह सेकंदाला ६ लिटर. या नळातून नुसत्या उंचीच्या बळावर याहून अधिक पाणी येऊच शकत नाही.

तिसरे उत्तर. टोकावर दाब लिहिला: ७ मीटर. केंद्र शासनाच्या १९९९ च्या पाणीपुरवठा नियमपुस्तिकेत एकमजली घरांसाठी किमान ७ मीटर, दुमजलीसाठी १२ आणि तीनमजलीसाठी १७ मीटर दाब शिल्लक असावा, असे सांगितले आहे. तो राखावयाचा तर घर्षणाला पाचच मीटर उरतात आणि प्रवाह सुमारे ३.९ लिटरवर येतो.

चौथे उत्तर. खऱ्या घरांत तोटीतून किती पाणी येईल हे तोटीमागील दाबावर अवलंबून असते. दाब ७ मीटर असेल तर पूर्ण ८ लिटर, दाब शून्य असेल तर काहीच नाही, आणि मधल्या अवस्थेत दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात, असा संबंध टोकाला जोडला तर दाब सुमारे ३ मीटर आणि प्रवाह सुमारे ५.२ लिटर निघतो. गरजेच्या दोन-तृतीयांशाहून थोडे कमी.

टाकी तीच, नळ तोच, समीकरण तेच. तरी ८, ६, ३.९ आणि ५.२ अशी चार उत्तरे. फरक एवढाच की शेवटच्या तोंडावर आपण काय लिहिले. पहिल्या आणि चौथ्या उत्तरातील अंतर तासाला दहा हजार लिटरचे आहे. एवढे पाणी कागदावर वाहते, हंड्यात येत नाही.

पहिल्या रीतीत दोष कोठे, हे आता स्पष्ट व्हावे. वस्तीला पाणी पुरते का, हा प्रश्न होता. मी टोकावर "पुरते" असे लिहूनच गणिताला आरंभ केला. जे सिद्ध करावयाचे तेच गृहीत धरले. ही रीत सर्वस्वी त्याज्य आहे असे नाही. चोवीस तास भरपूर दाब असलेल्या जाळ्यात ती चांगले उत्तर देते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेली ईपानेट ही जगभर वापरली जाणारी प्रणाली दीर्घकाळ याच रीतीवर उभी होती. दाबावर अवलंबून असलेला पुरवठा थेट मोजण्याची सोय तिच्या २०२० मधील २.२ या आवृत्तीत आली. आपल्याकडील परिस्थितीला ही दुसरी रीतच अधिक मानवते.

कारण आपले पाणी चढून येते. नाथसागराची पूर्ण जलपातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ४६४ मीटर. शहर त्याहून शंभर मीटरहून अधिक उंच. पैठणकडून उपसलेले पाणी फारोळा येथे शुद्ध होते, नक्षत्रवाडीच्या उंचीवर चढविले जाते आणि मग शहरातील जलकुंभांत उतरते. शहराच्या अनेक भागांनी वर्षानुवर्षे काही दिवसांआड येणारे पाणी पाहिले आहे. पाणी आले की सारे नळ एकाच वेळी उघडतात. वसतिगृहातील न्हाणीघराचेच ते मोठे रूप. अशा वेळी नळात दाब उणे गेला, तर फुटक्या सांध्यातून गटाराचे पाणी आत ओढले जाते. शेवटच्या टोकाची मुले आजारी पडतात त्याचे एक कारण असे दाबाच्या रकान्यात लिहिलेले असते.

मी तो अहवाल मागे घेतला आणि नव्याने लिहिला. टोकाला गरजेऐवजी दाबावर अवलंबून असलेला पुरवठा जोडला, आणि शेवटच्या भागातील नळाचा व्यास वाढविण्याची सूचना केली. उदाहरणातील नळ १०० ऐवजी १५० मिलिमीटरचा घेतला तर तेच ८ लिटर नेताना घर्षणात सुमारे २.८ मीटर जातात आणि टोकाशी ९ मीटरहून अधिक दाब शिल्लक राहतो. दीडपट व्यासाने घर्षणाचा व्यय साडेसातपटीहून अधिक घटतो. खोट्या सीमाअटीमुळे हा उपाय दृष्टीसच पडला नव्हता. कारण कागदावर तक्रारीला जागाच नव्हती.

करून पाहण्यासारखे

आजच्या विद्यार्थ्यांना एक काम सुचवितो. गवंड्याकडील पारदर्शक नळी आणा. वसतिगृहातील पहिल्या आणि शेवटच्या नळाला ती आळीपाळीने लावा. बाकीचे नळ एकेक करून उघडत जा आणि नळीतील पाण्याची उंची वहीत लिहा. आधी सर्व नळ बंद असताना टाकीच्या पातळीशी ती जुळते का पाहा. मग आलेख काढा. नळी काढल्यावर प्रत्येक नळाखाली बादली भरण्यास किती सेकंद लागतात, तेही मोजा.

सरांच्या प्रश्नाचे उत्तर त्या आलेखात सापडेल. उघड्या तोट्यांच्या तोंडाशी दाब सारखाच असतो. निसर्ग तेथे पहिला आणि शेवटचा असा भेद करीत नाही. भेद होतो तो वाटेत, नळाच्या व्यासात आणि कोणी किती आधी उघडला यात. म्हणूनच तो दुरुस्त करता येतो. त्यासाठी शेवटच्या तोंडावर काय आहे ते आधी तेथे जाऊन पाहावे लागते आणि जसे आहे तसे लिहावे लागते.

आमच्या वेळी सरांनी आणखी एक गोष्ट केली. प्रयोग संपल्यावर त्यांनी पहिल्या चार नळांच्या व्हॉल्व्हला अर्धा फेरा दिला आणि मुख्याध्यापकांकडे जाऊन जाड नळाची मागणी नोंदविली. दुसऱ्या दिवशी सकाळी शेवटच्या नळाखाली पाचवीतला एक मुलगा अंघोळ करीत होता आणि त्याची बादली भरून वाहत होती.